शेवटचं पान घरी

पिंगळी, जि. परभणी

प्रिय राजेश्री,

सप्रेम जयभीम. दसऱ्याला नागपूरला जाऊन आले. पाय सुजलेत, बाकी खुशाल आहे. तू फोनवर म्हणालीस, मामी, एकट्या कशाला जाता, गर्दी लय असते. मी बरं म्हणाले आणि गेले. सुनेचं ऐकायचं वय अजून झालं नाही माझं. परभणीला गाडीत चढले, खिडकी मिळाली, समोर गंगाखेडची एक बाई आपल्या लहान पोरीला घेऊन बसली होती. पण माझं मन लागलं नाही. तू नाहीस, लेकरं नाहीत, असं नागपूर पहिल्यांदाच केलं. भाकरी सवयीनं चौघांच्या बांधल्या होत्या. ठेचा वेगळा आणि सुमेधसाठी बिनतिखटाची शेंगदाण्याची चटणी वेगळी. डबा उघडला तेव्हा ध्यानात आलं. चटणी त्या पोरीला दिली, तिनं चाटूनपुसून खाल्ली.

तुझ्या लग्नानंतरचा पहिला दसरा आठवतो का? आपल्या घरचा नियम ऐकून तू तोंडावर पदर धरून हसली होतीस. दीक्षाभूमीवरून कुणी मूर्ती आणतं, कुणी फोटो. आपल्यात दर लेकरामागं एक पुस्तक. परतीच्या गाडीत ते मोठ्यानं वाचायचं आणि शेवटचं पान राखून ठेवायचं. ते घरी येऊन, पाय धुऊन, उंबऱ्याच्या आत बसून वाचायचं. हा नियम काही कुणा शहाण्यानं केलेला नाही. माझा धम्मानंद लहान असताना एकदा पूर्णा स्टेशन सोडल्यावर डब्यातले दिवे गेले आणि पुस्तकाचं एक पान राहिलं. शेवट ऐकायचाय म्हणून हा पठ्ठ्या फाट्यापासून घरापर्यंत एकदाही कडेवर घे म्हणाला नाही. तेव्हापासून मी दरवर्षी मुद्दाम पान राखायला लागले. लेकरू आपल्या पायानं घरी येतं, अजून काय पाहिजे.

पुढं तोच धम्मानंद बाप झाला आणि त्यानं अर्पिताला नागपूरच्या रस्त्यावर खांद्यावर घेऊन दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या. औषधी दुकान, सायकल मार्ट, संत्रा बर्फी. पोरगी शाळेत जायच्या आधी बर्फी वाचायला शिकली. तो काविळीनं गेला त्या वर्षीही आपण गेलो होतो. लोक नावं ठेवतील म्हणून तू कचरत होतीस, तर मीच आधी पिशवी भरली. येताना तू पुस्तक हातात घेतलंस आणि तुझा आवाज फुटेना. मग दुसरीतल्या अर्पितानं अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि सुमेध तुझ्या मांडीवर पुस्तकाचा कोपरा चावत बसला. ते चावलेलं पुस्तक अजून फळीवर आहे.

जूनमध्ये तुला पुण्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. तेव्हा जा म्हणणारी मीच होते, त्याचा मला पस्तावा नाही. लेकरांना चांगली शाळा आहे, तुझी बहीण जवळ आहे. पण तुझ्यापाशी कशाला लपवू, मला लय एकटं वाटतं. अंगणवाडीत उभा जन्म पोरांना गोष्टी सांगण्यात गेला, आवाज असा की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. आता तो आवाज दिवसभरात एकदा दूधवाल्याशी बोलायला लागतो. संध्याकाळी टीव्ही लावते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते, घरात कुणीतरी बोलायलंय एवढंच ऐकू येतं. दिवाळीला येता का विचारलं की तू ड्युटी बघून सांगते म्हणतेस. मग मी सुमेधला काय खाल्लं विचारते, तो भात म्हणतो आणि कार्टून बघायला पळतो. त्याचं काय चुकलं? सहा वर्षांचं लेकरू ते. पण फोन ठेवला की वाटतं, ही लेकरं या घराला विसरणार.

तरी पुस्तकं घेतलीच. अर्पितासाठी रेल्वेचं, डबे कसे जोडतात, रूळ कसे बदलतात, सगळी चित्रं आहेत. सुमेधसाठी एका हत्तीचं. त्या हत्तीला शिंक येत नाही. नाकात हुळहुळतंय, पण शिंक काही येत नाही. माकड मिरची आणतं, चिमणी पिसानं गुदगुल्या करते, सगळं जंगल कामधंदा सोडून त्याच्या मागं लागलंय. येताना गाडीत मी ते उघडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. बघते तर तीच गंगाखेडची पोरगी. माझ्या गुडघ्याला येऊन चिकटली, हत्तीसारखं नाक वर करून उभी राहिली. शेवटचं पान आलं आणि मी पुस्तक मिटलं. पुढं काय, असं विचारलं तिनं. मी म्हणाले, शेवटचं पान घरी वाचतात. तर पोरीनं भोकाड पसरलं. तिची आई चिडली आणि तिचं बराबरच होतं. म्हणाली, मावशे, तुमचं घर पिंगळीला, आमचं गंगाखेडला, माझ्या लेकरानं हत्तीसाठी तुमच्या घरी यावं का? डबा हसायला लागला. माझा हात मात्र पुस्तकावरून उठला नाही. परभणीला उतरले तरी पोरगी खिडकीतून रडायलीच होती. घरी आले, पाय धुतले, उंबऱ्याच्या आत बसले. आणि एकटीच्यानं ते पान उलटवेना.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते. फोनवर जमलं नसतं, तू लगेच रडतेस आणि मी लगेच रागावते. दसऱ्याच्या आधी सोनपेठहून तुझी आई सरजाबाई येऊन गेली. तुझ्याच दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या त्या माणसानं तुला मागणी घातली, लेकरांना त्यांच्या बापाचंच नाव राहू दे म्हणाला, हे सगळं मला सरजाबाईंनी सांगितलं. आणि मामींना काय वाटेल म्हणून तू नाही म्हणायलीस, तेही सांगितलं. काय वाटलं ते सांगते. राग आला, लय आला. त्या दिवशी चूल पेटवली नाही, आणि तुझं न ऐकता नागपूरला निघाले तीही त्याच रागात. पण ती पोरगी खिडकीतून रडताना बघितली आणि मनात आलं, मी लेकराला शेवट ऐकू देत नाही, का तर तिचं घर माझं घर नाही. राजेश्री, तू हो म्हण. माझ्यासाठी थांबू नको, मी बरी आहे आणि बरी राहीन. दोन्ही पुस्तकं या पत्राबरोबर पोस्टानं पाठवते, शेवटची पानं पिना मारून बंद केलीत. लग्न होऊ दे, नव्या घरात सगळे पाय धुवा, उंबऱ्याच्या आत बसा आणि मग पिना काढा. त्यांनाही जवळ बसव, आपल्या घरचा नियम त्यांना कळू दे. पुढच्या दसऱ्याला नागपूरची पाच तिकिटं काढा, मला धरून. आणि पान वाचून झालं की सुमेधला मला फोन लावायला सांग. हत्तीला शिंक आली की नाही, मी अजून बघितलेलं नाही.

तुझीच,
मामी