डोंग्यानं नको

बाबा, उद्या सकाळी आम्ही सगळे नदीवर मुक्कामाला चाललो आहोत. त्याच नदीवर, आपल्या घाटाच्या थोडं खाली. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि घरात सांगणारं दुसरं कोणी नाही. तुमचा विषय निघाला की ताईला एकदम काहीतरी काम आठवतं. आई तुमच्याबद्दल बोलत नाही, ती तुमच्याशी बोलते. तांदूळ निवडता निवडता ओठ हलतात तिचे, आणि कोणी आत आलं की खडे मोजत असल्यासारखी गप्प होते. म्हणून मी लिहितोय, दारात उभ्या असलेल्या भाऊजींच्या गाडीत मागच्या सीटवर बसून. डिक्कीत तंबू आहे, चटया आहेत, तांदूळ, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, पाण्याच्या कॅन आहेत, आणि माझ्या पायाशी गुंडाळी केलेली एक निळी बोट आहे. दुपार आहे. बल्लारपूरची दुपार तुम्ही कधी बघितली नाही. तुम्ही गेल्यावर मामानं आम्हाला इथं आणलं, तेव्हापासून नदी म्हणजे आमच्यासाठी रेल्वेच्या पुलावरून दिसणारी, तेही आईनं तोंड फिरवून घेतलेली.

कल्पना भाऊजींची. ताईचा नवरा नागपूरचा, मनानं चांगला माणूस, पण मोबाईलवर काही बघितलं की त्याला ते करायचंच असतं. कुठल्यातरी थंड देशातली माणसं गाडीवर होडी बांधून निघतात, नदीत होडी सोडतात, जिथं संध्याकाळ होईल तिथं काठावर तंबू ठोकतात. भाऊजी म्हणाले, "याले कॅनो कॅम्पिंग म्हनतेत." आई शेगडीवरून मान न वळवता म्हणाली, "डोंगा म्हना न जावईबापू. डोंगा अन् रेतीवर झोपनं. आमी त रोजच करत होतो, कोनी फोटो नाई काढले." सगळे हसलो. हसता हसता आमच्या लक्षात आलं की किती वर्षांनी आईच्या तोंडून डोंगा हा शब्द आला होता. ताई लगेच उठून दोरीवरचे कपडे काढायला गेली. कपडे वाळलेलेसुद्धा नव्हते.

मला वाटलं होतं आई नाही म्हणेल. ती म्हणाली, "मले पन घेऊन चला."

काल अंगणात बोट फुगवून बघितली. पायानं दाबायचा पंप, फस फस, आणि हळूहळू ते निळं प्लास्टिक अंग धरायला लागलं. लोकांना नदीपार नेणारा तुमचा डोंगा आठवला. एका अखंड झाडाचा, आतून कोरलेला, उन्हाळ्यात तडकू नये म्हणून डोहात दगड घालून बुडवून ठेवायचा. आठवतं, मी रडलो होतो? मला वाटलं तुम्ही त्याला मारलं. तुम्ही म्हणालात, "लाकडाचा जीव पान्यातच राह्यते, बाबू. वर ठेवला त मरते." पाऊस जवळ आला की तुम्ही डोहात उतरून एकेक दगड काढायचात आणि तो काळाभोर, शेवाळलेला, आपोआप वर यायचा. खूप दिवस, बाबा, खूप वर्षं मला तेच वाटत राहिलं. की तुम्ही पण तसेच असाल. कोणीतरी दगड काढायचे राहिलेत फक्त.

भाऊजींनी बोटीसोबत नारिंगी जॅकेटं आणली आहेत, पाण्यात घालायची. आईनं एक उचललं, उलटसुलट बघितलं, आणि लुगड्यावरूनच अंगात घातलं. भाऊजींनी पट्टे आवळून दिले. तशीच ती आत जाऊन भाजी परतायला लागली. ताई म्हणाली, "आई, गॅसजवळ काढ वो ते." आईनं ऐकलं नाही. मला विचारलं, "हे घातलं का मानूस बुडत नाई?"

"नाई बुडत. वरच राह्यते."

ती थोडा वेळ भाजी हलवत राहिली. मग म्हणाली, "मंग सापडते तरी."

त्या संध्याकाळचं मला जे आठवतं ते एवढंच. पोळा होऊन गेला होता, पाणी लाल होतं आणि भरून चाललं होतं. आपण अंगणात जेवत होतो. तुम्ही घास हातात धरून थांबलात. म्हणालात, "पलीकडून कोनी हाक देऊन राह्यला." आई म्हणाली, "मले नाई आली." मला पण नाही आली. ताई म्हणाली वारा असेल. घाटावरची रीत तुम्हीच मला शिकवली होती: दिवस मावळल्यावर पलीकडून हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा ओरडतोच, त्याला घरी जायचं असतं. आणि दुसरं काही असेल तर ते एकदाच बोलावतं. आईनं तेच म्हटलं, "बसा न, पुन्हा आवाज येऊ द्या." तुम्ही हात धुतले. "लेकराबाळाची बाई असन त? पानी चढून राह्यलं." आणि गेलात. ताट झाकून ठेवलं होतं आईनं.

डोंगा खालच्या गावाजवळ रेतीत अडकलेला सापडला. तुम्ही सापडला नाहीत. आणि पलीकडच्या गावात घरोघर विचारलं, त्या संध्याकाळी हाक मारणारं कोणीच निघालं नाही.

मग मोठ्या काकांनी पळसाची पानं आणली. ज्याचं शरीर मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पानांचे हात केले, पाय केले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, वर तुमचं धोतर टाकलं. माझ्या हातात पेटती काडी दिली. पानं ओली होती, पेटेनात. धूर झाला नुसता. काका म्हणाले, "फुंक मार, बाबू, तुले मारा लागते." मी फुंकत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, हे बाबा नाहीत, ही पानं आहेत. अजूनही म्हणतो. मोटरसायकलवरून जाताना एखाद्या बसस्टँडवर पाठमोरा माणूस दिसतो, तुमच्यासारखा एक खांदा खाली, आणि मी गाडी वळवून त्याचं तोंड बघून येतो. एकदा सावली गावच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या. "काऊन बे, मुंडी वाकडी करून करून काय पाह्यतं? कर्जदार वाटलो का तुले?"

हे सगळं कॉलेजपर्यंत माझ्यासोबत आलं. दुसऱ्या वर्षाला होतो, गडचिरोलीत. एका सरांनी भर वर्गात माझी गैरहजेरी काढली आणि म्हणाले, ज्याच्या बापाचाच पत्ता नाही त्या पोराचा काय असणार. वर्ग हसला. मी बाकावरून उडी मारून त्यांची कॉलर धरली. पुढचं काय सांगू. माफी लिहून द्या म्हणाले, मी कागद फाडला आणि निघालो तो निघालोच. आता मामाच्या ओळखीनं एका वर्कशॉपात पंप दुरुस्त करतो. हात चांगला आहे म्हणतात. डोकं तुम्हाला माहीत आहे.

त्या वर्गात एकच पोरगी हसली नव्हती. बाबा, हे पण तुम्हाला सांगायचं आहे. ती नदीच्या पलीकडची, आपल्या घाटासमोरच्या गावची. तुम्ही तिच्या आजोबांना कितीदा तरी अलीकडे आणून सोडलं असेल. नंतर ती नर्सिंगला गेली, आता शेवटच्या वर्षाला आहे. तिचे लोक बौद्ध, आपण नाही. मामा त्यावरून कुरकुर करतो, पण तिच्या वडिलांचा आक्षेप वेगळा आहे. ते शिक्षक आहेत. त्यांना शिकणं अर्ध्यात सोडणारा जावई नको. पुढच्या रविवारी नोकरीवाला एक पोरगा तिला बघायला येतोय. हे ऐकलं त्या दिवशी मी वर्कशॉपात एका पंपाचं झाकण भिंतीवर फेकून फोडलं. तिच्यापायी माझं काय काय झालं, माझ्या दोस्तांना विचारा. जेवण नाही, झोप नाही. तिच्या होस्टेलसमोरच्या चहाच्या टपरीवाल्यानं तर मला एकदा झाडू दिला, म्हणाला, "दिवसभर उभाच राह्यतं, त झाडून तरी घे."

आणि मग भाऊजींनी ती निळी बोट आणली. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. परवा पहाटे सगळे तंबूत झोपलेले असताना मी बोट पाण्यात लोटायची. पलीकडच्या घाटावर ती थांबेल. तिथून आम्ही दोघं निघून जाऊ, कुठेही. मी तिला फोन करून सांगितलं. म्हटलं, डोंग्यानं येतो, घाटावर ये. तिनं आधी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "अबे, आता पूल हाय न. गाडीनं ये, दिवसा ये, माह्या बाबांसमोर बस. पिक्चर करून राह्यला का?" मी म्हटलं, "तुले यायचं नाई का?" ती म्हणाली, "मले यायचं हाय. पळायचं नाई. परीक्षेचा फॉर्म भर पहिले." मी फोन कापला. रागात. तरीपण म्हटलं, मी पोचलो की येईल. बोट दिसली की येईलच.

आज सकाळी मी माझी पिशवी भरत होतो. पाणी आत जात नाही अशी पिशवी, भाऊजींचीच. आई दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत होती. म्हणाली, "एका रातीच्या मुक्कामाले चार पँटा?"

मी म्हटलं, "ओल्या झाल्या त?"

"चांगला शर्ट पन? लग्नातला?"

 ती आत आली, खाटेवर बसली, माझ्या शर्टाची घडी उलगडून पुन्हा नीट घातली. माझा बेत तिला ताईनं सांगितला की तिनं आपणच ओळखला, मला माहीत नाही. मी चिडायच्या तयारीत होतो. तिनं नाही म्हटलं असतं तर मी पिशवी भिंतीवर मारली असती, जातीचं काही बोलली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. शब्द तयार होते माझे.

ती म्हणाली, "पोरगी चांगली हाय का?"

"हाय."

"तं जा तिच्याकडे. मी नाई म्हनत नाई. पन डोंग्यानं नको." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीत मीठ टाक म्हणावं तसा. "पुलावरून जाजो. दिवसा जाजो. मले दिसन असा जाजो. मी उठीन अन् तू नसशीन, अन् डोंगा नसन, अन् मी पुन्हा काठानं हिंडीन लोकाईले विचारत... मले आता तेवढं चालनं होत नाई, बाबू."

मी खाली बघत होतो. तिनं शर्ट पिशवीत ठेवला, काढला नाही. उठताना विचारलं, "पूल हाये न एवढा मोठा. मंग डोंगा कशाले पाह्यजे होता तुले?"

मी म्हटलं, "असंच."  मग ताईनं हाक मारली, मुरमुरे कुठं ठेवले म्हणून, आणि आई गेली.

आता भाऊजी घरातून ओरडताहेत, तंबूच्या खुंट्या मोजून झाल्या का म्हणून. उद्या वाटेत मूल गावी तर्री-पोहे खायला थांबायचं, असं ठरलंय. आई काठावर बसणार म्हणते. पाण्यात उतरणार नाही, पण बसणार. बोट मी फक्त उथळ पाण्यात चालवीन, ताईच्या पोरीला बसवून, आईला दिसेल असा. परवा दुपारी गाडी घेऊन पुलावरून पलीकडे जाईन. तिचे बाबा काय म्हणतील ते म्हणतील. मी कॉलर धरणार नाही कोणाची, एवढं ठरवलंय. जमेल का माहीत नाही.

हा कागद गाडीच्या खणात टाकतो, इन्शुरन्सच्या कागदांखाली. तुम्ही जिथं आहात तिथं तो पोचत नाही, आणि उद्या नदीवर पोचल्यावरही मी तो पाण्यात सोडणार नाही. पूल असताना डोंगा कशाला, हा प्रश्न दोघींनी एकच विचारला, तिनं फोनवर आणि आईनं खाटेवर. दोघींनाही मी खरं उत्तर दिलं नाही. तुम्हाला देतो. बाबा, मला परवा पहाटे पलीकडे जायचंच नव्हतं. नदीच्या मधोमध जाऊन वल्हं वर घेऊन थोडा वेळ थांबायचं होतं. त्यापुढचं मी काही ठरवलेलं नव्हतं.