आधी पंचाकडं पाहिलं

शुक्रवार, विसावा रोजा. नळदुर्ग.

यासीनचं पार्सल आलं. खजुराचे दोन डबे नऊशेचे, माझी शाल बाराशेची. किमतीच्या चिठ्ठ्या तशाच होत्या.

पोरगा पगारी बास्केटबॉल खेळतो, याचं मला लई कौतुक. काल शेजारच्या परवीननं मोबाइलवर त्याचा मागचा एक सामना दाखवला. बॉल टाकायला उडी मारलेल्या समोरच्या पोराच्या तोंडावर यासीननं कोपर घातलं. त्याचा डोळा वाचेल की न्हाय, कुणी सांगत नाही. पण कोपर मारण्याआधी यासीननं पंचाकडं पाहिलं. मला भास झाला असेल? तीनदा बघितलं. पाहिलंच.

फोन केला तर म्हणाला, "अम्मी, दंड भरला, दोन सामने बाहेर बसलो. मिटलं की आता."

"त्या पोराला भेटलास?"

"त्याला कशाला? खेळात लागतंच."

दंड खेळाच्या मंडळाला गेला. त्या पोराला काय? त्यानं माफ केल्याशिवाय अल्लाह तरी कसा माफ करेल?

लहानपणी रोज्यात गुळणी करताना, पाणी गिळायच्या आधी यासीन असाच माझ्याकडं बघायचा. मी तोंड फिरवून हसायची. हसायलाच नको होतं.

आज रोजा नुसत्या पाण्यावर सोडला, खजुराचे डबे उघडले नाहीत. मग त्याला पत्र लिहिलं: त्या पोराच्या घरी जा. आधी पंचाकडं पाहिलं होतं, हे स्वतःच्या तोंडानं सांग आणि माफी माग. तो काय म्हणाला, ते उलट टपाली कळव.