चेंडूकडे बघू नकोस

प्रिय केड,

पत्र बघून हसू नकोस. तुझी बहीण अजून म्हातारी झालेली नाही. मेसेज केला तर तू नुसता अंगठा पाठवतोस, फोन उचलत नाहीस आणि आई म्हणते, हल्ली मोबाइलकडे बघितलं की तुझं डोकं दुखतं. म्हणून कागदावर लिहितेय, तेही मोठ्या अक्षरात. आणि हो, शेवट आधी वाचायला जाऊ नकोस. लहानपणापासून तुझी ती खोड आहे.

मी संशयी आहे असं घरात सगळे म्हणतात. आहेच मी. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावर बाबा पेट्रोल पंपावर डोनट खाऊन यायचे, ते मी त्यांच्या शर्टावरच्या साखरेवरून पकडलं होतं. तेव्हा तू टाळ्या पिटल्या होत्यास. आता तुझी पाळी आली तर लगेच "शेल, तू ना पोलिसातच जायला हवं होतंस!" मागच्या रविवारी फोनवर हे वाक्य तू मला दोनदा ऐकवलंस, ठाऊक आहे? एकदा बोलून झाल्यावर थोड्या वेळानं परत तेच, तसंच हसून. मी हसण्यावारी नेलं. पण तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

खरं तर त्याच्याही आधी. इतकी वर्षं तू माझ्या चष्म्याच्या दुकानाला म्हाताऱ्यांचं दुकान म्हणून हिणवत आलास, आणि अचानक फोन करून काय मागतोस, तर काळा चष्मा. "उन्हाचा त्रास होतो गं." अरे, नोव्हेंबरात आपल्या ड्राय फोर्कला कसलं ऊन? वारा सुटला की धुळीनं समोरचं कापसाचं गोदाम दिसत नाही, आणि याला म्हणे ऊन लागतंय! मी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. पहिला संशय आला मुलीचा. तुझ्या वयाच्या पोराला एकाएकी रुबाब करावासा वाटला तर दुसरं काय असणार? मग आई म्हणाली की शाळेतून आला की खोलीचे पडदे ओढून झोपतो, बाबांनी शेकोटीवर दिवसभर शिजवलेल्या ब्रिस्केटच्या मांसाला हात लावत नाही. तेव्हा मला बिअर आठवली. लाल डोळे, काळा चष्मा, झोप. मी तीनोला फोन लावला. तुझा जीवश्च कंठश्च मित्र, तुझ्या पाठीमागे उभा राहून खेळणारा, त्याला माहीत नसेल तर कुणाला? तर तो पठ्ठ्या म्हणतो, "काही नाही गं शेल, मस्त आहे तो, एकदम मस्त, अगदी मस्त आहे." आपण होऊन कुणी तीन वेळा मस्त म्हणतं का? फोन ठेवताना त्याचा आवाज रडवेला होता. बिअरसाठी कुणी रडत नाही.

मग मी तुझ्या मॅचची फिल्म लावली.

तुला आठवतं का रे, हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात सुरू झालं? मी हेल्मेट घालून टकरा घेणाऱ्या आपल्या शाळेच्या फुटबॉल टीमसाठी मैदानाच्या त्या प्रेस बॉक्सच्या वरच्या लोखंडी मचाणावर उभी राहून शूटिंग करायचे. वाऱ्यानं कॅमेरा हलू नये म्हणून त्याला मिठीच मारायचे. शनिवारी सकाळी कोचना द्यायच्या आधी मी ते टेबलावर लावायचे आणि तू अंड्याचा बरिटो खात खात माझ्या खांद्यावरून बघायचास. टीव्हीवर मॅच बघावी तसा तू चेंडूमागे डोळे पळवायचास, आणि मी तुझ्या डोक्यात टपली मारायचे. चेंडूकडे बघू नकोस! चेंडूकडे तर सगळं गाव बघतं. पाय बघ. हात बघ. खेळ सुरू व्हायच्या आधी कोण काय करतं ते बघ. तू वैतागायचास. "त्याच्या आधी तर काहीच होत नाही, सगळे नुसते वाकून उभे असतात!" आणि मग एके दिवशी सँडेल गावच्या टीमच्या फिल्ममध्ये तूच ओरडलास, "शेल, त्या जाड्याची बोटं बघ!" त्यांचा तो पुढच्या रांगेतला गार्ड. चेंडू घेऊन धावायचं असलं की तो जमिनीवर टेकवलेल्या हातावर भार टाकायचा, बोटांची पेरं पांढरी पडायची. चेंडू फेकायचा असला की हात नुसता गवताला लावलेला. तू ते कोच हॅगर्टींना सांगितलंस तेव्हा त्यांच्या तोंडातला टूथपिक खाली पडला. त्या वर्षी बचावफळीच्या मधोमध उभं करून त्यांनी तुला टीमचा मेंदू केलं. समोरच्यांना वाचायचं आणि आपल्या पोरांना ओरडून सांगायचं, तू इकडे हो, तू तिकडे. माझ्या भावानं हे केलं म्हणून मी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटले होते.

तर ऐक. मी काय बघितलं ते आता तुला तसंच सांगते, जसं आपण टेबलाशी बसून बोलायचो.

हार्डिन क्रीकविरुद्धची मॅच. मध्यंतरानंतरची पहिलीच किक. तू सुसाट धावत जाऊन त्यांच्या चेंडूवाल्याला अडवतोस, डोकं खाली, हेल्मेटवर हेल्मेट. सगळं स्टेडियम उभं राहून ओरडतंय. चेंडू सुटून घरंगळतो आणि कॅमेरा त्याच्यामागे जातो, कारण मचाणावर आता जो कुणी पोरगा आहे त्याच्या डोक्यात टपली मारणारं कुणी नाही. पण तू कोपऱ्यात दिसतोस. उठतोस, एक गुडघा टेकतोस आणि बुटाची नाडी बांधायला लागतोस. मी मागे घेतलं. परत बघितलं. केड, नाडी सुटलेलीच नव्हती. तू बांधलेल्या नाडीवरून नुसती बोटं फिरवत होतास. आणि तीनो येऊन तुझ्यापुढे उभा राहिला, बेंचकडे पाठ करून, अगदी असा की कोचना तू दिसू नयेस. त्याला वाटलं असेल, आपण मित्राला वाचवतोय.

तरीही मी मनाची समजूत घातली. शुद्धीत होता, उठला, पुढे खेळला. संशयी बाई उगाच काहीबाही बघते. मग परवा आईचा फोन आला, आनंदानं नुसती फुलून गेली होती. म्हणे, कोचनी अख्ख्या टीमला बसवून त्याच मॅचच्या फिल्मचा, तुझा पुढचा एक तुकडा दाखवला. म्हणाले, "बघा रे, याला म्हणतात पुढारी! दर वेळी चेंडू सुटायच्या आधी केड कसा हात करून सगळ्यांना जागा दाखवतोय बघा. तोंडं उघडा मैदानावर, याच्यासारखी!" उद्याच्या बाद फेरीला शिष्यवृत्तीसाठी खेळाडू निवडणारा युनिव्हर्सिटीचा माणूस तुला बघायला येतोय, त्यालाही तो तुकडा पाठवलाय म्हणे. आई म्हणाली, बाबांनी तो ट्रकमध्ये बसून बघितला आणि डोळे पुसले.

मीही बघितला. चेंडूकडे न बघता. फिल्मला आवाज नसतो, म्हणूनच सगळे फसले रे. तू हात करतोस, खरंय. पण तुझ्या आधी तुझ्या मागे तीनोचा हात वर होतो. दर वेळी. तुझी मान वळते, तू त्याच्याकडे बघतोस, तो बोट दाखवतो आणि मग तू तेच बोट दाखवतोस. तू सांगत नव्हतास, विचारत होतास. जी चाल तू झोपेत ओळखली असतीस तिच्यात कुठं उभं राहायचं हे तुला आठवत नव्हतं. आणि वर तू एवढा शहाणा, की फिल्ममध्ये काय दिसेल हे ओळखून त्याच्यावर पांघरूणही घातलंस! मीच शिकवलं ना तुला, बघणारे कुठं बघतात ते. स्क्रीनवर तू दिसत होतास, आपल्या नंबराचा शर्ट घालून, आणि मला दिसत होते रॉयमामा.

त्यांचं तुला वेगळं सांगायला नको. बैलावर टिकून बसायच्या रोडिओत पहिल्यांदा डोक्यावर पडले तेव्हा तेही मस्तच होते. दुसऱ्या आठवड्यात परत बसले, कारण बक्षिसाचं बक्कल मिळणार होतं. आता दर थँक्सगिव्हिंगला आई त्यांच्या शर्टाची बटणं लावते आणि ते केव्हाच वारलेल्या आजीचं विचारतात, ती अजून कशी आली नाही? तू तेव्हा टेबलाखाली माझा हात घट्ट धरून बसतोस. पहिल्या पडण्यानं काही झालं नव्हतं त्यांना. दुसऱ्यानं झालं.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. एकच मॅच, शेल. तो माणूस एकदाच येणार. हे गेलं तर मी बाबांसारखा तेलाच्या विहिरींवर. अरे राजा, मला नाही का कळत? आपल्या गावातून त्या मैदानावरूनच बाहेर पडता येतं, हे मचाणावरून माझ्याइतकं कुणी बघितलंय? ते तुझ्या हातून जाऊ शकतं. खोटं कशाला बोलू, बहुतेक जाईलच. आणि त्याचं मला इतकं वाईट वाटतंय की लिहिताना दोनदा थांबून रडले.

आता शेवट. हे पत्र तुला कोचनी त्यांच्या खोलीत बोलावून दिलं असेल. हे मी शाळेच्या पार्किंगमध्ये, माझ्या गाडीत बसून लिहिलं. आज दुकान बंद ठेवून आले आणि ते दोन्ही तुकडे कोचपुढे लावले. नाडीचा बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. हातांचा बघताना त्यांनी स्वतःच मागे घेतला, परत लावला, टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "हेच मी सगळ्या पोरांना दाखवलं, शेल्बी." मग तीनोला बोलावलं, आणि तो दारातच रडायला लागला. त्याच्यावर चिडू नकोस, त्यानं काही सांगितलं नाही, फिल्मनं सांगितलं. तुला सांगायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले, कारण तुला आधी सांगितलं असतं तर तू मला गुंडाळलं असतंस आणि मी गुंडाळलीही गेले असते. आता तुझं हेल्मेट त्यांच्याकडे राहील आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत राहील. तुला शिव्या द्यायच्या असतील तर बाहेर ये. जिमच्या दारासमोरच उभी आहे, डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय, वाटेत खुशाल भांड, नाहीतर एक शब्द बोलू नकोस. फक्त बाहेर येताना तोंड खाली घालून ये, समोर उजेड फार आहे. तू मागितलेला काळा चष्मा आणलाय.

तुझीच, तुझ्यावर नजर ठेवणारी,
शेल