श्यामलालची मोटार

गोंदिया, ता. २२ डिसेंबर १९५५

ती. बाईच्या पायांवर चैतरामचा माथा.

वि. वि. आतापर्यंत तुझ्या नावाआधी सौ. लिहीत होतो, आज हात थांबला. दहाव्याला दारापर्यंत येऊन परतलो, तुझ्यासमोर उभं राहवेना.

विमानाच्या जुन्या मैदानावर मोटारींची शर्यत होती. भाऊजींना मीच हौसेनं बोलावलं. वळणावर, दोरीपाशी उभं केलं. म्हटलं, इथून चांगलं दिसते. मी पाणी आणायला गेलो. तेवढ्यात टायर फुटून एक गाडी दोरी तोडून माणसांत घुसली. ती गाडी आमच्या दुरुस्तीच्या कारखान्यात मीच शर्यतीसाठी तयार केली होती. नऊ माणसं गेली, बाई.

मोटारीला आता हात लावणार नाही. दरेकशाला लाकडाच्या कामावर जाऊन राहिलो. माफी मागायलाही तोंड नाही.

तुझा अपराधी भाऊ,
चैतराम


अर्जुनी मोरगाव, ता. ४ फेब्रुवारी १९५९

चि. चैतरामास रुख्माबाईचे अनेक आशीर्वाद.

तीन भाऊबीजा झाल्या, तू आला नाही. काऊन असा करून राहिला रे? तुझे भाऊजी त्या शर्यतीच्या आठ दिवस आधीच धोतर धुऊन बसले होते. मी नको म्हटलं असतं तरी गेलेच असते. गावात लोक बोलले, भावानं नेऊन मारलं. मी म्हटलं, नवरा गेला, आता भावालेही घालवू का?

आता कामाचं. आपल्या प्रेमिलेला साकोलीचं स्थळ आलं आहे. श्यामलाल पोरगा गुणी, पण इथून साकोलीची प्रवासी मोटार चालवते. पोरीच्या मनात आहे, अन् मले भोंगा ऐकला तरी कापरं भरते. नाही म्हटलं तर पोरगी जेवत नाही. मोटारीतलं मले काय समजते? तू एकदा त्याच्या गाडीत बसून पाह्य. तू नाही म्हटलं तर नाही.

रागावून का होईना, उत्तर धाड.

तुझी बाई,
रुख्मा


साकोली, ता. १७ फेब्रुवारी १९५९

ती. बाईस चैतरामचा सा. न.

वि. वि. आज अर्जुनीला येऊनही घरी आलो नाही. आधी तुझं काम केलं. तीन वर्षांनी मोटारीत पाय ठेवला. नाव न सांगता श्यामलालच्या मागच्याच बाकावर बसलो. समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

अर्ध्या वाटेत मागून दुसरी मोटार भोंगा वाजवत आली. आमचे लोक ओरडू लागले, पळव ना भाऊ, जाऊ नको देऊ तिले! श्यामलालनं गाडी कडेला घेतली, हात दाखवला अन् तिला जाऊ दिलं. एकानं त्याला भित्रा म्हटलं. तो म्हणाला, हो काका, भितो. मागे तुम्ही बसून आहा ना.

साकोलीला कंडक्टरनं मला हलवून उठवलं. मला झोप लागली होती, बाई.

पोरगी दे. रविवारी त्याच्याच मोटारीनं घरी येतो. माया होती तशी राहू दे.

तुझा धाकटा,
चैतराम