मामाचा मान आणि चीनचे दोन म्हातारे

आबा, कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय मला! तुमचा माणूस सापडला, आणि कुठं म्हणाल तर चीनमध्ये. आठी घालू नका कपाळाला. चीनशी लढाई झाली तेव्हा तुम्ही चावडीवर बसून त्या देशाला काय काय शिव्या घातल्या होत्या, ते मला सगळं आठवतंय. पण हा माणूस फार जुना, त्याचा त्या लढाईशी काही संबंध नाही. झालं असं, की काल इथं सासरी, सुसात, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी भाषण होतं. हो, सोसायटीच. ओढ्याकडेला आमची भाताची खाचरं होती ना, तिथंच आता मी लिफ्टनं वर घरात जाते. मी भाषणाला गेले ती पंख्याखाली बसायला आणि नंतरच्या चहाला. बोलणाऱ्या बाई कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या. त्यांनी पहिल्या म्हाताऱ्याचं सुरू केलं. कन्फ्यूशियस त्याचं नाव, घेताना तोंडात सुपारी अडकल्यासारखं होतं. त्याचं म्हणणं काय, तर बापानं बापासारखं वागावं, लेकानं लेकासारखं, राजानं राजासारखं. ज्याला जे नाव मिळालंय ते त्यानं वागून खरं करावं. पाहुण्याला बसवायचं कसं, थोरल्यांपुढं बोलायचं कसं, मेलेल्याला पोचवायचं कसं, सगळं रीतीनं व्हावं. रीत सांभाळली की घर नीट, आणि घरं नीट तर राज्य नीट. आबा, मी खुर्चीतून उठलेच! "अहो बाई, हे तर माझे वडील, आमचे आबा!" म्हणाले. सगळा हॉल हसला. हसू देत.

तुमच्याशिवाय आपल्या उरवडे गावातल्या एकाही मांडवात पान हलत नव्हतं. गंध आधी कुणाला लावायचं, नारळ कुणाच्या हातात द्यायचा, पंगतीत वरच्या टोकाला कोण, सगळं तुम्हाला तोंडपाठ. आम्हा पोरांना त्याचा लई वैताग यायचा. पण एक दिवस मी विसरले नाही. मी परकरी पोर आहे, दारात उभी आहे, आणि घरात ओरडून सांगतेय, "कुंभार आला!" तुम्ही ओसरीवरून उठलात, माझा कान धरलात आणि म्हणालात, "आला न्हाई, आलेत म्हणायचं. तुज्या आज्याच्या वयाचे हायेत. पाणी आण त्यास्नी." तो म्हातारा कुंभार किती अवघडला होता! लग्नाची मडकी घेऊन तो येईल त्या मांडवात तुम्ही त्याला हाताला धरून पंगतीला बसवायचात, आणि तो बसल्याशिवाय वाढप्याला पुढं सरकू द्यायचा नाहीत. काल बाई म्हणाल्या, त्या पहिल्या म्हाताऱ्याची रीत नुसती मोठ्यांची मिजास राखायला नव्हती, मनात आदर नसेल तर ती रीत फुकट. मला तुम्ही आणि तो कुंभार दिसत होतात.

मग आला दुसरा, लाओत्से. ह्याची शिकवण म्हणजे ताओ, म्हणजे वाट. हा पहिल्याच्या अगदी उलटा! ह्याचं म्हणणं, माणसं सरळ होती तोवर रीती लागतच नव्हत्या, सरळपणा गेला आणि रीतीभाती आल्या. जोर करू नका, ओढाताण करू नका, पाण्याकडं बघा, ते सगळ्यात खालची जागा धरतं आणि कुणी त्याला अडवू शकत नाही. इथं मात्र मी उठले नाही. डोळ्यांना पदर लावून बसून राहिले. शेजारणीला वाटलं मला बरं वाटत नाही. आबा, ती माझी आई होती हो! आवणीच्या दिवसांत तुम्ही बांधावर उभं राहून कुणी कुठनं रोप लावायचं त्यावर आरडाओरडा करायचात, आणि आई गुडघाभर चिखलात, टाचेनं बांधाला जराशी खाच पाडून पुढं सरकायची. खालचं खाचर पाण्यानं आपोआप भरायचं. तुम्ही म्हणायचात, "अगं, इचारलंस का मला?" आणि ती म्हणायची, "पान्याला काय इचारायचं?"

आता तुमच्या लक्षात आलं असेल मी कुठल्या दिवसाकडं निघालेय. माझं लग्न. अक्षता गोरजमुहूर्तावर होत्या आणि दुपारची पंगत बसायची होती. सुसाहून बैलगाड्यांनी आलेलं वऱ्हाड मांडवात टेकलेलं, भात उतरलेला, लापशीचा वास सुटलेला. तुम्ही ताट घेऊन पुढं झालात, आणि पहिलं गंध, पहिला नारळ नवऱ्याच्या चुलत्याला दिलात. उरवड्यात भावकी आधी, ही रीत. पण सुसात मामा आधी! नवऱ्याचा मामा ताडकन उठला. "भाचा आमचा, आन मान चुलत्याला?" तुम्ही शांतपणे सांगितलंत, "हे उरवडं हाय, पाव्हणं. हितं भावकी आधी." तो म्हणाला, "मग तुमचं उरवडं तुमालाच लखलाभ! ए, जुपा रं गाड्या!" चार शहाण्यांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा नारळ मामाच्या हातात द्या आणि हात जोडा. तुम्ही एकच धरून बसलात, "रीत म्हंजे रीत." गाड्यांना बैल जुंपायला लागलेले मी आतनं खिडकीतून बघत होते. अंगाला हळद लागलेली. हळद लागलेल्या पोरीचं वऱ्हाड परत गेलं तर पुढं तिचं काय होतं, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. तुमचा असा राग आला होता, आबा, की काय सांगू!

तेवढ्यात आई कळशी घेऊन बाहेर पडली. तुमच्याकडं बघितलं नाही, मामाकडं बघितलं नाही. ती सरळ घरामागच्या खळ्यावर गेली. मळणी कधीच उरकलेली, लग्नासाठी सारवून ठेवलेलं ते स्वच्छ गोल खळं, मधे बैल फिरवायचा तिवड्याचा खांब, वर आंब्याची सावली. तिनं पाणी शिंपडलं आणि खळ्याच्या कडेकडेनं पत्रावळ्या मांडत गेली. मग पोरांना हाक मारली, "या रं, भुका लागल्या असतील." पोरं धावलीच. त्यांच्या मागून गाडीवान आले, उन्हानं कावलेले. मग एकेक पाव्हणा. मामाची धाकटी लेक जाऊन बसली आणि तिथनं बापाला ओरडली, "दादा, ये की, लापशी हाय!" मामा खळ्यापाशी येऊन घुटमळला. "हितं पयला मान कुणाचा?" म्हणाला. आई पदर सावरत म्हणाली, "खळं गोल हाय, पाव्हणं. तुमी बसाल तितनं सुरू." आबा, तो माणूस खळ्याकडं बघून खो खो हसत सुटला! बसला मांडी घालून. बैल सोडले गेले. मी खिडकीला धरून रडत होते आणि हसत होते.

आणि मग तुम्ही काय केलंत, ते मी काल सगळ्या हॉलला सांगितलं. त्या गडबडीत म्हातारा कुंभार मांडवात एकटाच राहिला होता. गोलाला टोक नाही, तशी कोण मागं राहिलं ह्याची कुणाला आठवणही नाही. आईलाही राहिली नाही. तुम्ही राग गिळून त्याला हाताला धरून आणलंत, मामाच्या शेजारी जागा करायला लावलीत, आणि त्याच्या पत्रावळीवर भात पडल्यावर मगच लांब जाऊन उभे राहिलात. बाई म्हणाल्या, चीनमध्ये माणसं दिवसा एका म्हाताऱ्याचं ऐकायची आणि घरी गेल्यावर दुसऱ्याचं. मी म्हटलं, बाई, आमच्या घरी दोघं एकाच ताटात जेवायचे.

दुसऱ्या दिवशी मला पाठवताना तुम्ही आईला म्हणालात, "रीत मोडलीस तू." ती म्हणाली, "रीत मोडली, लगीन न्हाई मोडलं." पण त्या दिवाळीला तुम्ही सुसात आलात, आमच्या उंबऱ्यावर यायच्या आधी मामाच्या घरी गेलात आणि पहिला नारळ त्याच्या हातात ठेवलात. "सुसात आलो, सुसाची रीत," म्हणालात. मामा ते मरेपर्यंत सांगत होता. मी ह्या घरात सासूपुढं तुमच्यासारखी वागले, सुनेचं नाव मिळालं ते निभावलं. आणि लेक वयात आला, बापाशी बोलेना, दार लावून बसायला लागला, तेव्हा आईसारखी टाचेनं जराशी वाट करून दिली आणि बाजूला झाले. यजमान म्हणायचे, हिचं कधी काय निघेल सांगता येत नाही. कुठल्या वेळी आबा काढायचे आणि कुठल्या वेळी आई, हे मात्र मला अजून दरवेळी नव्यानं शोधावं लागतं.

आता एक राहिलं. तुम्ही जाईपर्यंत म्हणत होतात, "तुज्या आईच्या डोक्यात ते खळं कुटनं आलं, कळंना." खळं तिचंच. पण ती आपणहून उठली नव्हती, आबा. चुलीपुढं मान खाली घालून बसली होती ती, तुमच्या शब्दापुढं. मी हळदीच्या अंगानं जाऊन तिचा पदर धरला आणि म्हटलं, "आये, काय बी कर. मला त्योच नवरा पायजे." पौडच्या बाजारात मी त्यांना आधीच बघितलं होतं, दोनदा. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खाली बघून "तुमी म्हनाल तसं" म्हणाले होते, लेकीनं लेकीसारखं. आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग हसली आणि कळशी उचलली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. हे पत्र मी घडी घालून उशाखाली ठेवतेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी पणजी झाले, तरी बापासमोर हे बोलायची मला अजून लाज वाटते.