इंजिन नंबरची छाप

बदलापूर (पूर्व), ४ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप विष्णुकाकांस,
अनुयाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या गावात फोन लागत नाही, आणि लागला तर तुम्ही अर्धंच ऐकून निकाल देता, म्हणून लिहिते आहे. ट्रक बसला. सहा वर्षांपूर्वी तुम्ही आम्हाला दिलात आणि हौसेने माझ्या नावावर केलात, तोच. चढावर निळा धूर, ऑइल रोज लिटरभर. मोरिवलीचे मिस्त्री म्हणतात, इंजिन उतरवून लायनर, पिस्टन, क्रँक सगळं काम करावं लागेल, महिना जाईल. दिनानाथकडे महिना नाही. अंबरनाथच्या एका कारखान्याने एक फेब्रुवारीपासून रोजच्या फेऱ्या देऊ केल्या आहेत. ट्रक उभा राहिला तर त्या दुसऱ्याला जातील, आणि आमच्याकडे दुसरा ट्रक नाही.

त्याने उल्हासनगरच्या कल्पेश भंगारवाल्याकडे जुनं इंजिन पाहिलंय, दोन दिवसांत बसेल असं. काल मलाही नेलं, कारण आरटीओच्या अर्जावर मालकाची सही लागते. काका, काय ती जागा! तेलात भिजलेली माती चपलांना चिकटत होती. ओळीने इंजिनं मांडलेली, आणि बहुतेकांवर नंबराच्या जागी ग्राइंडरने घासलेली चकचकीत पट्टी. ही कुठल्या गाड्यांची, असं मी विचारलं. कल्पेश बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मॅडम, इंजिनला तोंड असतं का? तुमचा नंबर ठोकला की तुमचं." यावर दिनानाथ हसला. त्या मातीपेक्षा मला त्या हसण्याची किळस आली.

मी तोंड वाकडं केलेलं पाहून कल्पेशने नंबर शाबूत असलेलं एक इंजिन दाखवलं, बिलही देतो म्हणाला. ते घ्यावं, की आहे त्याचंच काम करावं? मी फार सोवळेपणा करते आहे का, तेही सांगा. तुमच्याइतकं इंजिन आमच्यात कुणाला कळत नाही.

काकूंना नमस्कार. रागवायचं तर रागवा, पण उत्तर लवकर पाठवा.

तुमची,
अनुया

*

देवरुख, १० जानेवारी २०२५

चि. अनुयास,
विष्णुकाका व काकूचे आशीर्वाद.

पेरूत एकदा अळी निघाली म्हणून वर्षभर पेरूच्या झाडाखालूनसुद्धा न जाणारी तू, तुला भंगारबाजारात नेलं कुणी? जावईबापूंना सांग, बायकोला साडीच्या दुकानात न्यावं. काकू हे वाचून मला बोलली, तेही कळवतो.

माझं मत विचारशील तर आहे त्याच इंजिनाचं काम कर. परक्याचं इंजिन म्हणजे परक्याचं दुखणं. आत काय आहे ते खोलल्याशिवाय देवालाही दिसत नाही. कारखान्याच्या साहेबाला भेटा, पंधरा दिवस भाड्याची गाडी लावून देतो म्हणावं. मिस्त्रीला महिना लागत नाही, तो आळशी आहे.

आणि त्या शाबूत नंबरावर जाऊ नकोस. आरटीओत चेसिसची छाप देतात तशी काढ. नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची. कारखान्यातले आकडे एका ओळीत, एका खोलीचे उठतात. हाताने ठोकलेला एखादा आकडा वाकतोच, आणि खाली घासल्याचे ओरखडे दिसतात. कागद दिनानाथरावांपुढे ठेव, हसणं थांबेल. सोवळेपणा वगैरे काही नाही. चोरीचं लोखंड आपल्या घराण्यात कधी आलं नाही, येणार नाही.

तब्येतीला जप. आमची माया तुझ्यापाठी आहेच.

तुझा,
विष्णुकाका

*

बदलापूर, १९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. नमस्कार.

सोबत दोन कागद आहेत. शाळेत मुलांना सांगते, तुलनेला खात्रीचा नमुना हवा. म्हणून कल्पेशकडे जाण्याआधी आपल्याच ट्रकची छाप काढली. दिनानाथने टॉर्च धरला आणि बाईंचा प्रयोग सुरू झाला म्हणून चिडवत होता.

कल्पेशच्या इंजिनाचा कागद वाईट आहे, तुम्ही म्हणालात तसाच. पण आपला कागद पाहा. सात डावीकडे कललेला, दोन आकडे खोल, बाकीचे उथळ, आणि सगळ्याखाली तिरके ओरखडे. वाटलं, माझा हात हलला. तीनदा काढली, तिसऱ्यांदा दिनानाथच्या हातून. तिन्ही सारख्याच. आरसीवरचा नंबर मात्र बरोबर जुळतो.

आमच्याकडे आल्यापासून हे इंजिन कधी उतरवलेलं नाही. त्याआधी ट्रक तुमच्याकडेच होता. तुम्हालाही कुणी फसवलं असेल, असं मी चार दिवस स्वतःला समजावते आहे. दिनानाथ उरलेले कागद उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहतो.

तसं असेल तर तसं लिहा. मी विश्वास ठेवीन.

तुमची,
अनुया

*

देवरुख, २६ जानेवारी २०२५

चि. अनुयास आशीर्वाद.

मला कुणी फसवलं नाही. तू आपल्या ट्रकची छाप काढशील हे डोक्यात आलं नाही. शहाणपण शिकवायची सवय, दुसरं काय.

२०१४ साली वांगणीच्या पुढे ट्रकच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. उल्हासनगरातून इंजिन आणलं. कुठलं ते विचारलं नाही. त्यावरचा नंबर मीच घासला आणि आपला जुना नंबर मीच ठोकला.

पुढचं काकूलाही माहीत नाही. इंजिन आणल्यावर चार दिवसांनी मुरबाडकडचा एक माणूस माझ्या तेव्हाच्या तिकडच्या गॅरेजवर आला. ट्रक चोरीला गेला होता, गॅरेज-गॅरेज फिरत होता. त्याच्या इंजिनाच्या साइडला वेल्डिंगचा डाग होता, तो हाताने दाखवत होता, एवढा, असा. तो डाग असलेलं इंजिन माझ्या पाठीमागे स्टँडवर होतं. त्यावर मी गोणपाट टाकलं होतं. मी म्हणालो, असलं काही आलं नाही. त्याने पाणी मागितलं, मी दिलं. नाव विचारलं नाही.

आता ते मोडून टाका आणि कल्पेशचं बसवा. दहा वर्षं झाली. जावईबापूंच्या फेऱ्या घालवू नकोस. हे पत्र फाड.

विष्णुकाका

*

बदलापूर, ४ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
मायना नेहमीचाच लिहिते आहे, दुसरा सुचला नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी हात धुतले, मग पुन्हा धुतले. तुम्ही त्या माणसाला पाणी दिलंत, तिथे मला सर्वांत जास्त शिसारी आली. नाही म्हणून त्याला हाकललं असतंत तर कदाचित इतकी आली नसती. मग स्वतःचीही आली. सहा वर्षं त्याच इंजिनावर आमचं घर चाललं, आणि कल्पेशच्या मातीत पाय ठेवताना मी साडी वर धरली होती.

काम करायचं की बदलायचं, हा प्रश्न संपला. दुसऱ्याच्या वस्तूचं काम आपण कसं करायचं? आणि कल्पेशच्या इंजिनासाठी मी सही करणार नाही.  तिसऱ्या दिवशी दिनानाथ म्हणाला, "मी हसलो होतो, ते विसर." फेऱ्या गेल्या. तो आता दुसऱ्याच्या टेम्पोवर जातो.

शनिवारी मी पोलीस ठाण्यात लेखी जबाब दिला. वेल्डिंगचा डाग आहे. दिनानाथने ऑइल पुसून काढल्यावर दिसला, तळहाताएवढा. मुरबाडकडच्या जुन्या तक्रारी शोधतो म्हणाले. ट्रक तिथेच जमा झाला. हे मी खरेपणाने केलं की तुमच्या रागाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल.

नंबर कुणी ठोकला, असं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं आणि पत्र पुढे ठेवलं, फाडलं नव्हतं. पोलीस तिकडे यायच्या आधी तुम्ही स्वतः इकडे या, अशी माझी इच्छा आहे. दिनानाथ कल्याणला उतरवून घ्यायला येईल. काकूंना तुम्हीच सांगा, माझ्या पत्रातून कळू देऊ नका.

मग पोलिसांनी तुमचा पत्ता विचारला. इतकी वर्षं पाकिटांवर लिहिलेला. गाव, पोस्ट, तालुका, पिनकोडसकट मी तो कुठेही न अडखळता सांगितला.

अनुया