तेहेतीस अनारसे आणि एक व्हिडिओ गेम

जळगाव, १९ ऑगस्ट १९९३

चि. सौ. लता हिस नानांचे अनेक आशीर्वाद.

धोंड्याच्या महिन्याचं वाण काय द्यावं, हे जावईबापूंनीच ठरवलं. चांदीचं ताट नको, टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम हवा. बँकेत नोकरीला असलेला माणूस! असो. आणलाय. दुकानदार शपथेवर सांगतो, आत ९९९९ खेळ आहेत. तुझ्या आईने अनारशांबरोबर त्या खोक्यालाही हळदकुंकू वाहिलं. रविवारी दोघं या.

तुझ्या बी.एड.च्या फॉर्मचं काय झालं? वीस सप्टेंबर शेवटची तारीख आहे.

तुझे नाना

धुळे, ३ सप्टेंबर

ती. नानांना लताचा शि. सा. न.

फॉर्म टीव्हीच्या कव्हराखाली पडून आहे. हे म्हणतात, आबा म्हणतील तसं. आबांचं म्हणणं, सून कॉलेजात गेली तर घर कोण सांभाळणार?

तुमच्या खेळाला सासऱ्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी चष्मा पुसला. आता तुमच्या जावयांच्या हातीही रिमोट लागत नाही. आबा निवृत्त तलाठी. एक नंबरपासून प्रत्येक खेळ तपासायला बसले. पाचव्यापासून पुन्हा पहिलाच येतो, हे त्यांना तीनशे बाराव्याला पटलं. दुकानदाराला सांगा, खेळ चारच आहेत.

रणगाड्यांच्या खेळाला जोडीदार लागतो, म्हणून दुसरा रिमोट मला मिळालाय. आबा शत्रूवर धावून जातात, मागे किल्ला मी राखते; तो पडला की खेळ संपला, पुन्हा पहिल्या फेरीपासून. नाना, फॉर्म तसाच पडलेला पाहून फार राग येतो. पोळ्या लाटताना रडू येतं.

तुमची लता

जळगाव, ८ सप्टेंबर

चि. सौ. लतास आशीर्वाद.

मी व्याह्यांशी बोलायला निघालो होतो. मुलीच्या बापाने तोंड उघडू नये म्हणत तुझ्या आईने चपला लपवल्या. पण पोरी, किल्ला तुझ्याकडे आहे ना? मग रडतेस कशाला?

तुझे नाना

धुळे, १५ सप्टेंबर

ती. नानांना शि. सा. न.

काल आबा पहिल्यांदाच बाराव्या फेरीत पोहोचले. शेजारचे दलिचंदशेठ घरच्यांना घेऊन बघायला बसले होते. मी खेळ थांबवायचं बटण दाबलं आणि फॉर्म पुढे केला. आबा चिडले. मग शेठजींकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि पेन आन वं म्हणाले. त्यांच्या खाली यांनीही निमूट सही केली. मला फार आनंद झाला.

खेळ पुन्हा सुरू केला, सह्यांची शाई वाळेपर्यंत किल्ला राखला. मग पडू दिला. आबांनी पुन्हा पहिल्या फेरीपासून खेळावं, माझं बी.एड. व्हायला वर्ष लागणार आहे, तोवर त्यांना उद्योग हवा.

आईच्या पाया पडते. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची लता